उशिरा दिसणारी उडी

गोजरच्या दोन्ही हातांची मिळून दहा बोटं शाबूत आहेत. पॉवर प्रेसवर काम न केलेल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये तिनं उमेदीची सगळी वर्षं डब्यांची झाकणं पाडली. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पेडल दाबायचं. वरून पंच येतो, झाकण सुटतं. हात आत राहिला आणि पेडल दाबलं गेलं, तर झाकणाबरोबर बोटही सुटतं. तिच्या बरोबरीच्या काही बायकांची सुटली. गोजरचं नखसुद्धा गेलं नाही. नव्या पोरींना ती एवढंच शिकवायची, की प्रेसकडे टक लावून बघू नका, तिचं ऐका. डोळा दमतो, कान दमत नाही.

तिचा मुलगा प्रज्वल शाळेत होता तेव्हा नवऱ्यानं, जयरामनं, कल्याण स्टेशनबाहेरून टीव्ही गेम आणला. एक पांढरा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. टीव्हीवर एक बुटका माणूस डोक्यावर टोपली घेऊन पळायचा. वाटेत तुटके पूल, वरून लुकलुकणारी वटवाघळं. बटण दाबलं की माणूस उडी मारायचा. पोरगं दिवाळीच्या सुटीत पोटभर खेळलं आणि कंटाळलं. गोजर कंटाळली नाही. पाळीवरून यायची, भाकऱ्या थापायची, भांडी घासायची, मग घटकाभर बसायची. बसणं म्हणजे तिथंही कामच. बटण दाबायच्या आधी उजवा पाय जमिनीवर आपटायचा. आधी पाय, मग अंगठा. पेडलची सवय हाडात मुरलेली.

प्रज्वल मोठा झाला, ट्रेलरवर ड्रायव्हर लागला, आठवडा आठवडा बाहेर राहू लागला. त्याची बायको नम्रता शहापूरला मोबाईलच्या दुकानात कामाला. सरळगावहून किन्हवलीच्या रस्त्यानं जायचं, यायचं. गोजर कामावरून निवृत्त झाली तशी दुपारी पुन्हा गेम लावून बसायला लागली, आणि नम्रताच्या नजरेत तो पाय भरला. इकडे पाय आपटतो, तिकडे माणूस उडतो, दोन्ही एका ठोक्यात. तिनं पायाचा आणि टीव्हीचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. लोकांना तो फार आवडला. मग रविवारी दुपारी जेवणं झाली की लाइव्ह सुरू झालं. डोंबिवलीची, मुरबाडची, कुठकुठली माणसं बघायला बसायची. त्यातली अर्धी तरी लहानपणी हाच पांढरा डबा खेळलेली. सगळ्यांचं मागणं एकच, मावशी, पाय दाखवा.

"कधी तोंड दाखवा म्हणावं," गोजर म्हणायची. "पायाचं काय बघतात मेले?"

"तोंडातून शिव्या येतात आई," नम्रता म्हणायची. "पायातून नाय येत."

सुरुवातीला नम्रता मोबाईल स्टुलावर उभा करून टीव्हीकडे रोखायची. जुना डबा टीव्ही मोबाईलमध्ये नीट उतरत नाही. चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात. लोकांनी कुरकुर केली. तेव्हा तिनं ऑनलाइन कॅप्चर कार्ड मागवलं. पार्सलवाला त्यांच्या वाडीपर्यंत येत नाही, सरळगावच्या नाक्यावर जाऊन घ्यावं लागतं. गोजर चालत गेली आणि घेऊन आली. बोटाएवढी काळी काडी. एका बाजूला लॅपटॉपमध्ये खुपसायची पिन, दुसऱ्या बाजूला दोन भोकं. गेमच्या पिवळ्या वायरीतून चित्र येतं, पांढऱ्या वायरीतून आवाज. दोन्ही काडीत लावल्या की खेळ लॅपटॉपवर दिसतो आणि तिथूनच लोकांना जातो. पायासाठी तिनं लॅपटॉपला एक छोटा कॅमेरा वेगळा जोडला.

चित्र लख्ख आलं. पट्टे गेले. मग डबा टीव्हीचं काम काय उरलं? जयरामला त्याची अडचण होतीच. त्यानं तो उचलून पडवीत नेला आणि वर बियाण्याची गोणी ठेवली. गोजर लॅपटॉपकडे बघून खेळू लागली.

पहिल्याच रविवारी ती पहिल्याच पुलावरून पडली. हा पूल तिनं हजारदा ओलांडलेला, कालवण ढवळता ढवळता ओलांडावा इतक्या सहज. तिनं हसण्यावारी नेलं. पुन्हा खेळली, पुन्हा पडली. माणूस कडेपाशी यायचा, ती बटण दाबायची, तो आणखी पाऊल टाकायचा आणि खाली जायचा. दुसऱ्या रविवारी तसंच. वटवाघळं तर तिला दिसेनाशीच झाली. एकदम कुठून तरी येऊन धडकायची. कुणीतरी लिहिलं, मावशी म्हातारी झाली. नम्रतानं ते वाचून दाखवलं नाही, पण गोजरला अक्षरं वाचता येत होती.

म्हातारी म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. ती घाबरली ती वेगळ्या कारणानं.

तिचा थोरला भाऊ सुदाम आटगावला राहतो. रेल्वेत गँगमन होता. रुळाच्या कामात त्याचा हातोडा कधी चुकला नाही, आणि एका वर्षी चुकायला लागला. मारायचा तिथं बसायचा नाही, जरा उशिरा, जरा बाजूला. तो म्हणायचा, गोजर, हात माझ्या मागून येतो. मुकादमानं त्याला हलक्या कामाला लावलं. पुढं बोटं थरथरायला लागली, मग कल्याणच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. आता सदऱ्याची बटणं वहिनी लावते. वडिलांचाही हात शेवटी तसाच झालेला, तेव्हा कुणी त्याला नाव दिलं नव्हतं.

हात मागून येतो. गोजरला आता ते शब्द रिमोट हातात घेतला की ऐकू यायचे.

तिनं कुणाला सांगितलं नाही. जयरामला सांगून तो काय करणार, डोक्याला हात लावून बसणार. नम्रताला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून दवाखान्यात नेणार, आणि डॉक्टर तोंडानं तेच बोलणार. तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते खरं नसतं, असा तिचा हिशोब. ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. कप हलत नव्हता. तरी ती दोन्ही हातांनी धरायची.

नम्रताला एवढं कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. बघणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं, लॅग आहे. तिला वाटलं, नेट मागं पडतंय म्हणतोय. आमच्या भागात काहीही अडलं की आधी नेटवर संशय जातो आणि बहुतेक वेळा खराच असतो. सिद्धगडाच्या बाजूनं ढग उतरले की रेंज जाते हे शेंबड्या पोराला ठाऊक. तिनं दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. मोबाईल कौलांवर चढवला, पिशवीत बांधून. त्यासाठी जयरामला शिडी लावायला लागली. तो चढला, उतरला. लोकांना चित्र आणखी सुरळीत दिसू लागलं. गोजर पडत राहिली, आता आणखी सुरळीत.

मग गोजरनंच एक मागितलं. लॅपटॉपचा आवाज माइकमध्ये घुमतो म्हणून नम्रतानं तो बंद ठेवला होता. गोजर म्हणाली, मला आवाज पायजे. आवाजाशिवाय मी काम केलेलं नाय. तिला वाटत होतं, कान सोबतीला असला तर हात सावरेल.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागं शेखरचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता तो टीव्ही कमी आणि दुकानांतले सीसीटीव्ही जास्त बसवतो. नम्रता त्याच्याकडून पांढऱ्या वायरीला दोन फाटे फोडणारी पिन घेऊन आली. एक फाटा काडीत, दुसरा एका छोट्या स्पीकरला, आणि स्पीकरमधून इअरफोन गोजरच्या कानात.

त्या आवाजानं आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. गोजर बटण दाबायची, कानात उडीची टिंग वाजायची, आणि माणूस अजून जमिनीवरच. मग तो उडायचा. कान पुढं, डोळे मागं. तिला भोवळ आल्यासारखं झालं. तिच्या लेखी निकाल लागला. आधी हात मागं पडला, आता डोळेही. दादाचं तरी एकेक करून गेलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती नम्रताला म्हणाली, आजच्यानंतर नाय. नम्रतानं विचारलं, का. गोजर म्हणाली, कंटाळा आला. नम्रता म्हणाली, तुमाला? पत्रे कापून कंटाळा आला नाय आणि याचा आला? गोजर तांदूळ निवडत राहिली.

दुपारी लाइव्ह लागलं. पहिल्या डावात ती पडली, दुसऱ्यात पडली. तिसरा सुरू झाला आणि लॅपटॉपवरचं चित्र जागच्या जागी थिजलं. माणूस एक पाय वर करून उभा. काडी तापली की असं होतं, हे नम्रताला माहीत होतं. ती वायर हलवायला खाली वाकली.

"थांबा आई, अडकलंय."

गोजर थांबली नाही. तिच्या कानात खेळ चालूच होता. पळणाऱ्या पावलांची टिकटिक, पुलाच्या आधी वाजणारी ढोलकीसारखी सुरावट. समोरचं चित्र मेलं होतं, त्यामुळे तिचं डोळ्यांकडे लक्ष गेलं नाही. पाय आपटला, अंगठा दाबला. टिंग. पाय, अंगठा, टिंग. वटवाघळाची चीं आली, तिनं माणसाला खाली बसवलं, चीं निघून गेली. दुसरा पूल, तिसरा पूल. नम्रता वर बघते तर पाय खालवर होतोय आणि पडद्यावर माणूस तसाच एका पायावर.

"आई, काय खेळताय? दिसत नाय काय तुमाला?"

"मी पुढं गेले," गोजर म्हणाली.

तेवढ्यात काडी शुद्धीवर आली. चित्र हललं. माणूस पहिल्या टप्प्याच्या पार शेवटी होता, बाजारातल्या ओट्यासमोर टोपली उतरवत. एकही जीव गेलेला नव्हता.

नम्रता उठली. मग तिनं सासूच्या कानातला एक इअरफोन काढून आपल्या कानात घातला आणि बटण दाबायला सांगितलं. टिंग, आणि मग उडी. पुन्हा. टिंग, मग उडी. तिनं स्वतः रिमोट घेतला, स्वतः दाबलं. तिलाही तसंच. नम्रता तिशीच्या आतली, तिला कुठला कंपवात?

"हे चित्र उशिरा येतंय," ती म्हणाली. "काडीतून लॅपटॉपमध्ये जायला वेळ खातंय. आवाज सरळ येतो, चित्र मागून येतं."

गोजरनं विचारलं, "म्हणजे हात बरोबर आहे?"

"हाताचं काय मधेच?"

गोजरनं रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले, विकत घ्यायच्या भाजीकडे बघावं तसे. मग तिला रडू आलं. लाइव्ह चालूच होतं. नम्रतानं झटकन बंद केलं.

त्या दुपारी सगळं बाहेर आलं. दादाचा हातोडा, वडिलांचा हात, चहाचा कप. नम्रतानं सगळं ऐकून घेतलं आणि चिडली.

"माझी काडी भिकार, आणि तुमी स्वतःच्या हाताला दोष देत बसल्या. इतके दिवस. मला एका शब्दानं बोलल्या नाय."

"बोलून काय झालं असतं?"

"काडी फेकली असती."

पडवीतून जयराम सगळं ऐकत होता. तो आत आला नाही. थोड्या वेळानं बियाण्याची गोणी ओढल्याचा आवाज आला.

दोघी मुरबाडला शेखरकडे गेल्या त्या गेमचा डबा, कॅसेट, रिमोट आणि लॅपटॉप पिशवीत घालून. गोजरचा आग्रह होता. शेखर सांगेल ते ऐकायचं, पण खेळून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. शेखरला ते पटलं. म्हणाला, मावशी, बसा, दुकान तुमचंच आहे. आणि काउंटरवरचे उघडे पडलेले मिक्सर बाजूला सारले.

त्यानं समजावलं ते असं. कुठलंही कॅप्चर कार्ड घ्या, चित्र थोडं तरी उशिराच येणार. कारण ते जुनं चित्र पकडतं, नव्यात बदलतं, मग दाखवतं. बघणाऱ्याला उशीर चालतो, खेळणाऱ्याला चालत नाही. म्हणून खेळणाऱ्यानं कार्डातून आलेलं चित्र बघायचंच नाही. पिवळी वायर कार्डात जाण्याआधी फोडायची. एक फाटा डबा टीव्हीला, दुसरा कार्डाला. डबा टीव्ही आलं तसं दाखवतो, मधे विचार करत नाही.

"मग आवाजासारखी साधी पिन लावू," नम्रता म्हणाली.

लावून बघितली. दोन्हीकडे चित्र संध्याकाळ झाल्यासारखं काळवंडलं. एका भाकरीचे दोन तुकडे केले की दोघंही अर्धपोटी, शेखर म्हणाला. सीसीटीव्हीच्या कामात तो एक लहान पेटी वापरतो. तिला स्वतःची वीज लागते आणि ती दोन्ही फाट्यांना पुरं चित्र देते. ती लावली. दोन्हीकडे उजेड झाला.

आता कार्ड. शेखरकडे दोन होती. एक नवं, चकचकीत खोक्यातलं, नव्या सपाट टीव्हीच्या वायरीचं. त्याच्या आधी जुन्या चित्राचं नवं चित्र करणारा एक डबा लावावा लागायचा. नम्रताला तेच आवडलं, त्यात अक्षरंसुद्धा कातरून काढल्यासारखी दिसत होती. दुसरं करड्या रंगाचं जाडजूड, कुणीतरी लग्नाच्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवायला घेतलेलं आणि नंतर विकलेलं.

गोजर नव्यावर खेळली. डोळे दुकानातल्या डबा टीव्हीवर, आणि मधेमधे मान वळवून लॅपटॉपवर. दुसऱ्या पुलाशी ती थांबली.

"वटवाघूळ कुठंय?"

टीव्हीवर वटवाघूळ लुकलुकत उडत होतं. लॅपटॉपवर आकाश रिकामं. शेखर टेबलाला वळसा घालून आला आणि दोन्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, हा गेम वटवाघूळ एका चित्रात दाखवतो, पुढच्यात लपवतो, म्हणून ते लुकलुकतं. नवा डबा दर दोन चित्रांतलं एक टाकून देतो. नेमकं दिसणारं टाकलं की वटवाघूळच गेलं. काळी काडीही हेच करत असणार.

"तरीच," गोजर म्हणाली. "मला वाटलं, डोळे चालले."

करडं कार्ड लावलं. चित्र जरा मऊ, अक्षरांच्या कडा बोथट. वटवाघूळ मात्र होतं, लुकलुकत, जसंच्या तसं. उशीर काळ्या काडीहूनही किंचित जास्त. नम्रतानं चकचकीत खोक्याकडे एकदा पाहिलं आणि करडं कार्ड पिशवीत टाकलं. शेखर म्हणाला, पायाचा कॅमेरा वेगळा आहे ना, त्याचं चित्र लॅपटॉपमध्ये तेवढंच उशिरा धरा, म्हणजे लोकांना पाय आणि उडी एकत्र दिसेल. नम्रता म्हणाली, ते मी जमवते. आणि तिनं घरी बसून ते जमवलं, जेवण विसरून.

आठवड्यात गोजर आटगावला भावाकडे जाऊन आली. काय घडलं ते सांगितलं. सांगताना तिला चोरट्यासारखं वाटत होतं. तिचं सुटलं होतं, त्याचं नाही. सुदामनं ऐकलं. त्याची बोटं चादरीवर थरथरत होती. तो म्हणाला, "तुझं नाय ना? मग झालं. घरात एकाला पुरे." आणि वहिनीला म्हणाला, रविवारी मोबाईल माझ्यासमोर धर, हिचा खेळ बघायचाय मला.

रविवारी डबा टीव्ही आपल्या जागी होता. जयरामनं तो पुसून ठेवला होता. मागच्या भोकांतली भाताची तुसंसुद्धा काटकीनं टोकरून काढलेली. नम्रतानं पेटी लावली, पिवळे फाटे लावले, लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सासूला ठणकावलं, इकडे बघायचं नाय. गोजर बसली. तळवे पदराला पुसून तिनं रिमोट हातात घेतला.

माणूस पळाला. पूल आला. पाय, अंगठा. माणूस उडाला, तिच्या अंगठ्याखालूनच उडाल्यासारखा. गोजरचा जीव भांड्यात पडला. दुसरा पूल, तिसरा. वटवाघूळ दिसलं तिथं वाकली. नम्रता मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघून काहीतरी वाचत होती. कुणी लिहिलं होतं, मावशी परत आल्या. गोजरनं विचारलं नाही आणि ऐकलंही नाही.

चौथा पूल तिनं या खेपेला लांबून बघितला. पडद्याच्या कडेला तो नुसता दिसला आणि तिच्या पायाला धीर धरवला नाही. पाय आपटला, अंगठा दाबला, माणूस उडाला, पुलाच्या कितीतरी अलीकडे उतरला आणि धावत जाऊन सरळ खड्ड्यात गेला.

नम्रता दचकली. तिनं आधी वायरींकडे बघितलं, मग पेटीच्या दिव्याकडे, मग सासूकडे. गोजर हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, पोरीसारखी.

"कायतरी बिघडलं का आई?"

"नाय गो. मी लवकर मारली," गोजर म्हणाली. "माझीच चूक." आणि तिनं डाव पुन्हा लावला.